शाळेच्या फाटकापासून वर्गाच्या कडीपर्यंत

गेल्या पावसाळ्यात एका जिल्हा परिषद शाळेत जाणे झाले. फाटकाशी कोणी नव्हते. कडी सरकवून सरळ आत गेलो. व्हरांड्यातल्या टेबलावर 'अभ्यागत नोंदवही' होती, तिला सुतळीने बॉलपेन बांधलेले होते. शेवटची नोंद अडीच महिन्यांपूर्वीची. कोपऱ्यात कॅमेरा होता, पण वाऱ्यापावसाने त्याची मान वळून तो ध्वजस्तंभाकडे बघत होता. मुख्याध्यापिका बाईंना विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, "लाइट असली की चालतो हो. पण बघायचा मीच, आणि मी तर दिवसभर तिसरी-चौथीच्या वर्गावर."

शाळेच्या इमारतीत मुले आणि कर्मचारी सुरक्षित कसे राहतील, या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत कायदे, न्यायनिर्णय, शासन निर्णय आणि परिपत्रके यांची मोठी चळत जमली आहे. बदलापूरच्या घटनेनंतर महाराष्ट्रात ही चर्चा पुन्हा पेटली. ती आज कुठे आली आहे, कोणते पक्ष काय म्हणतात आणि काय सुटलेले नाही, याचा हा आढावा.

तीन भीती, तीन वाटा

'शाळेची सुरक्षा' म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या भीतींबद्दल बोलत असतो. पहिली इमारतीची: छत कोसळेल, आग लागेल. दुसरी बाहेरून येणाऱ्याची: अनोळखी माणूस, हल्लेखोर, धमकीचा ईमेल. तिसरी आतल्या माणसाची: ज्याच्या हाती मूल सोपवले, त्याच्याकडूनच होणारा अत्याचार. प्रत्येक भीती वेगळ्या दुर्घटनेतून पुढे आली आणि तिच्यासाठीचे नियमही वेगळ्या खात्यांनी केले.

इमारतीची भीती देशासमोर आणली ती तमिळनाडूतल्या कुंभकोणमने. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातली आग गवताने शाकारलेल्या छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ मुले दगावली. या पार्श्वभूमीवरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो, अशी भूमिका घेतली आणि अग्निशमन साधने व राष्ट्रीय इमारत संहितेचे पालन यांबाबत निर्देश दिले. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि संरक्षक भिंत किंवा कुंपण ही मानके आली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. भिंती आणि खांबच नव्हे, तर भिंतीला न ठोकलेले कपाट आणि डोक्यावरचा सैल पंखाही धोक्यात धरावा, हे त्यांत आले.

महाराष्ट्राला ही भीती नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे झाला, तेव्हा शाळा रिकाम्या होत्या. तो सकाळी अकराला झाला असता तर, हा विचार लातूर-धाराशिवकडच्या शिक्षकांच्या मनात अजून येतो. पण भूकंपाची गरजही लागत नाही. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर जिल्ह्यातील निंबोडीत पावसात शाळेची खोली कोसळून तीन मुलांचा जीव गेला. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदीच्या सरकारी शाळेचे छत पडून सात मुले गेली आणि केंद्राने देशभरातल्या शाळांच्या सुरक्षा तपासणीच्या सूचना दिल्या.

बाहेरच्या माणसाची भीती वाढली ती १६ डिसेंबर २०१४ च्या पेशावरमधील सैनिकी शाळेवरच्या हल्ल्यानंतर. भारतातही शाळांना कुंपण, एकच प्रवेशद्वार, पहारेकरी आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रणा यांबाबत सूचना गेल्या. तसा हल्ला आपल्याकडच्या शाळेवर झाला नाही. मात्र १ मे २०२४ रोजी दिल्ली परिसरातल्या शंभराहून अधिक शाळांना बॉम्बची धमकी देणारे ईमेल आले आणि सगळ्या शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. धमकी खोटी निघाली, पण हजारो पालक एकाच वेळी फाटकावर धावले तर मुले कोणाच्या हाती, कशी सोपवायची, हा प्रश्न खराच होता.

तिसरी भीती सर्वांत जुनी आणि सर्वांत उशिरा उघड बोलली गेलेली. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे 'पॉक्सो', १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. शाळेतल्या कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार त्यात अधिक गंभीर ठरतो. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२० च्या नियमांनी शाळेसह मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेला कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी बंधनकारक केली.

बदलापूरनंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत पूर्वप्राथमिक वर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. शाळेने वेळेत न कळवल्याचा आणि पोलिसांनी तक्रार नोंदवायला उशीर केल्याचा आरोप झाला. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्थानकात तासन्‌तास रेल्वे रोखून धरली. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला, तर मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पुढे निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी, निवृत्त पोलीस अधिकारी मीरां बोरवणकर आदींची समिती नेमली गेली.

२१ ऑगस्टच्या शासन निर्णयात पाच गोष्टी ठळक होत्या: महिन्याभरात सीसीटीव्ही, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासणे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली सखी सावित्री समिती. अनुचित प्रकार कळल्यावर चोवीस तासांत वरिष्ठांना कळवणेही बंधनकारक झाले. यातल्या काही गोष्टी नव्या नव्हत्या. तक्रारपेटीचे परिपत्रक २०१७ चे, सखी सावित्री समितीचा शासन निर्णय १० मार्च २०२२ चा. म्हणूनच चर्चेचा रोख 'नियम हवेत' याऐवजी 'असलेले नियम शाळेपर्यंत का पोहोचत नाहीत' याकडे वळला.

पहिला पक्ष: डोळा हवा

कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सोपे आहे. लहान मूल घटनेची वेळ, जागा, क्रम नीट सांगू शकत नाही. चित्रण सांगू शकते. कॅमेरा असल्याची जाणीवच काहींना रोखते. शिक्षकावर खोटा आरोप झाला तर त्याच्याही बाजूने पुरावा उभा राहतो, हा मुद्दा शिक्षकही मांडतात. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये वर्गखोल्यांत कॅमेरे बसवून पालकांना मोबाइलवर वर्ग दाखवण्याची योजना सुरू केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जुलै २०२५ मध्ये संलग्न शाळांना वर्ग, जिने, व्हरांडे, प्रवेशद्वार अशा सर्व ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे आणि किमान १५ दिवसांचा साठा सक्तीचा केला. स्वच्छतागृहे तेवढी वगळली.

आक्षेप तीन आहेत. पहिला जागेचा: अत्याचार जिथे होतात, ती स्वच्छतागृहे आणि आडोसे नेमके कॅमेऱ्याच्या बाहेर असतात, आणि तिथे कॅमेरा असूही नये. दुसरा खासगीपणाचा: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याला मर्यादा घातल्या. शाळांना मुलांच्या सुरक्षेपुरती सवलत आहे, पण चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, बाहेर गेले तर जबाबदार कोण, हे शाळेच्या पातळीवर क्वचितच लिहून ठेवलेले असते. तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. आठवड्यातून तीनदा चित्रण तपासायचे म्हटले, तर आठ कॅमेऱ्यांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी नेमके किती तास पाहायचे? कॅमेरा घडून गेलेल्या गोष्टीचा साक्षीदार होतो. घडत असताना कोणी पाहत नसेल, तर तो रोखू शकत नाही.

दुसरा पक्ष: माणूस पारखा

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की धोका माणसाकडून आहे, तर पारख माणसाची व्हावी. ८ सप्टेंबर २०१७ रोजी गुरुग्रामच्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा खून झाल्यावर केंद्रीय मंडळाने सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मानसिक चाचणी करायला सांगितले. पडताळणीने जुना गुन्हेगार निदान दारातच अडतो, आणि कंत्राटदाराने पाठवलेल्या माणसाची नोंद कुठेतरी होते.

पण त्याच प्रकरणाने या उपायाची मर्यादाही दाखवली. पोलिसांनी आधी बसच्या वाहकाला पकडले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले. संशय पहिल्यांदा सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्यावर जातो, ही शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची तक्रार या उदाहरणाने बळावली. शिवाय पोलीस पडताळणीत फक्त नोंदलेला गुन्हा दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत पॉक्सोच्या बलात्काराच्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या नावे आधीचा गुन्हा नसतो. कोरा दाखला म्हणजे निर्धास्तपणा नव्हे, हे पडताळणीचे समर्थकही मान्य करतात. ती पुन्हा पुन्हा व्हावी आणि कंत्राटदार बदलला की नव्याने व्हावी, एवढाच त्यांचा आग्रह आहे.

तिसरा पक्ष: मुलाला बोलते करा

बालहक्काच्या क्षेत्रातल्या संस्था, समुपदेशक आणि बरेच शिक्षक यांचा भर तिसऱ्याच ठिकाणी आहे. सर्वांत चांगली यंत्रणा म्हणजे मूल वेळेत बोलणे आणि मोठ्यांनी ते ऐकणे. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा पाठ, भिंतीवर १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती हे सगळे याच विचारातून आले.

इथल्या अडचणी बारीक आहेत. मी पाहिलेल्या एका तक्रारपेटीला कुलूप होते, किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला टांगलेली होती आणि पेटी नेमकी कार्यालयाच्या दारासमोर. तिथे चिठ्ठी टाकणारे मूल सगळ्यांना दिसणारच. शिवाय पहिली-दुसरीचे मूल, तालुक्यातल्या आश्रमशाळेतले घर सोडून आलेले मूल किंवा ज्याची बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे असे मूल चिठ्ठी लिहिणार कसे? समित्यांचेही तसेच. शाळा व्यवस्थापन समिती, सखी सावित्री समिती, माता-पालक संघ, परिवहन समिती अशा अनेक समित्यांत बऱ्याचदा तीच पाच-सहा माणसे असतात. इतिवृत्ताच्या वह्या निराळ्या. समर्थकांचे उत्तर असे की हा दोष अंमलबजावणीचा आहे, कल्पनेचा नाही. एका शिक्षिकेला नीट प्रशिक्षण मिळाले आणि मुलांचा तिच्यावर विश्वास बसला, तरी खूप होते.

शिक्षक संघटनांकडून आलेला एक मुद्दाही नोंदवायला हवा. स्पर्शाबद्दलच्या भीतीमुळे पडलेल्या मुलाला उचलायलाही पुरुष शिक्षक कचरतात. स्पष्ट आचारसंहितेने मुलालाही संरक्षण मिळते आणि शिक्षकालाही. तोंडी सूचनांनी मात्र नुसती धास्ती वाढते.

चौथा पक्ष: आधी भिंत सांभाळा

बांधकाम आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या बाजूने पाहणारे आठवण करून देतात की धोक्यांच्या यादीत इमारत मागे ढकलली जाते, कारण ती हळूहळू मोडते. राज्यात एक लाखाहून अधिक शाळा आहेत, त्यांतल्या साठ हजारांहून जास्त स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि सरकारी. जुन्या खोल्यांचे 'निर्लेखन', म्हणजे धोकादायक ठरवून त्या वापरातून काढणे, ही प्रक्रिया मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, बांधकाम उपविभाग आणि जिल्हा परिषद अशी चढत जाते. निर्लेखन झाले म्हणजे खोली पाडली गेली असे नाही, आणि नवी खोली मंजूर झाली असे तर मुळीच नाही. मधल्या काळात वर्ग समाजमंदिरात, देवळात किंवा त्याच खोलीच्या 'बऱ्या' बाजूला भरतो. शहरांतला प्रश्न निराळा: निवासी इमारतीत थाटलेल्या शाळा, एकच जिना, तळघरात प्रयोगशाळा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, देण्याची पद्धत घातली. कागद येतो, पण सिलिंडरची पिन कशी ओढायची हे शिपायाला ठाऊक आहे का, ते सरावाशिवाय कळत नाही.

कर्मचाऱ्यांची सुरक्षा: राहून गेलेली बाजू

या सगळ्या चर्चेत कर्मचारी बहुधा संशयित किंवा जबाबदार म्हणून येतो. ज्याची काळजी घ्यावी असा माणूस म्हणून कमी. दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला, की दुसरी शिक्षिका वस्तीपासून लांबच्या इमारतीत एकटी असते. निकालावरून, टीसीवरून, कधी गावातल्या राजकारणावरून चिडलेला माणूस थेट वर्गात शिरतो, तेव्हा तिच्या मदतीला कोण? २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची केली. त्याहून लहान शाळांतल्या बाईंनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. ती कुठे बसते, हे अनेकींना माहीत नसते.

इथेच फाटकावरच्या माणसाचा प्रश्न येतो. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदे रिकामी होतील तशी न भरता त्यांच्याऐवजी ठोक शिपाई भत्ता देण्याचे ठरले: मुंबईत महिना १०,००० रुपये, ग्रामीण भागात ५,०००. सरकारची बाजू खर्चाची आहे. वेतनावरचा भार मोठा आणि काही कामे बाहेरून करून घेता येतात. संस्थाचालक आणि कर्मचारी संघटनांची बाजू अशी की पाच हजारांत दिवसभर टिकणारा, मुलांना नावाने ओळखणारा माणूस मिळत नाही. जुना शिपाई कोणत्या मुलाला कोण न्यायला येते हे जाणत असे. भत्त्यावरचा माणूस दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि पडताळणी दर वेळी पहिल्यापासून.

उपाय एकमेकांच्या आड येतात तेव्हा

चारही पक्ष आपापल्या जागी बरोबर वाटतात. पेच पडतो तो सगळे एका इमारतीत आणले की. बाहेरच्याला रोखायचे तर एकच फाटक आणि तेही बंद. आगीचा नियम सांगतो, बाहेर पडायच्या वाटा एकाहून जास्त असाव्यात आणि दारे बाहेरच्या बाजूला उघडावीत. चोरीच्या भीतीने खिडक्यांना गज बसतात, आणि त्याच खिडक्या धुराच्या वेळी कामी येत नाहीत. वर्गाला कडी बाहेरून असते. ती आत हवी असे हल्ल्याचा विचार करणारे म्हणतात. आतून बंद होणारी खोली मात्र अत्याचाराच्या दृष्टीने धोक्याची. स्वच्छतागृह आडबाजूला असावे ही लाजेची आणि आरोग्याची जुनी रीत; बायकांच्या नजरेच्या टप्प्यात असावे ही आजची शिफारस. यांतला समतोल कोणत्याही एका खात्याच्या परिपत्रकात सापडत नाही, कारण प्रत्येक खाते आपल्याच भीतीपुरते बोलते. कागद मात्र सगळे एकाच टेबलावर येतात, मुख्याध्यापकांच्या.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न पैशाचा. कॅमेऱ्याचा खर्च एकदाचा वाटतो, पण वीजबिल, साठवण आणि दुरुस्ती दर वर्षीची. ग्रामीण शाळांत हा भार समग्र शिक्षा योजनेच्या अनुदानातून, ग्रामपंचायतीच्या निधीतून की लोकवर्गणीतून, याचे उत्तर गावागणिक बदलते.

दुसरा कक्षेचा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटाचा. बदलापूरची मुले त्याहून लहान होती. खासगी पूर्वप्राथमिक वर्गांवर शिक्षण विभागाचे थेट नियंत्रण दीर्घ काळ नव्हतेच. खासगी शिकवण्यांच्या इमारती तर या चर्चेच्या अजून बाहेरच आहेत.

तिसरा जबाबदारीचा. न कळवणाऱ्याला शिक्षा हवी, यावर बहुतेकांचे एकमत आहे. पण शिक्षेच्या धाकाने शाळा लवकर बोलतील की अधिक दडवतील, यावर नाही. संस्थेच्या नावाची काळजी, मान्यता जाण्याची भीती आणि मुलाची ओळख न उघडण्याचे कायदेशीर बंधन यांच्या कात्रीत मुख्याध्यापक सापडतात. तक्रार पोलिसांत गेल्यावर त्या मुलाने त्याच शाळेत पुढे कसे शिकायचे, याबद्दल तर जवळपास काहीच लिहिलेले नाही.

चौथा मोजमापाचा. किती कॅमेरे बसले, किती समित्या झाल्या हे मोजता येते आणि त्याचीच माहिती वर मागवली जाते. मुलाने किती विश्वासाने सांगितले, किती वेळा कोणी ऐकले, हे मोजण्याचा मान्य मार्ग अजून नाही. उलट तक्रारींची संख्या वाढली तर ती शाळेची नामुष्की मानावी की यंत्रणा चालू लागल्याची खूण, यावरही तपासणी अधिकारी आणि समुपदेशक यांचे एकमत नाही.

निघताना त्या शाळेच्या बाईंना विचारले, या सगळ्यातली एकच गोष्ट मिळणार असेल तर काय मागाल? थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "माणूस द्या. कायमचा." मग माझ्यापुढे नोंदवही सरकवून त्यांनी माझी सही घेतली, नाव, गाव, येण्याची वेळ. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात काय लिहू, असे मी विचारले. "मलाच लिहा," त्या म्हणाल्या, "दुसरं आहे कोण?"